‘कोरल तर यूट्यूबवर फुकट शिकता येतं’: एका पालकांना उत्तर

काका, नमस्कार. ग्राफिक डिप्लोमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. ‘कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर यूट्यूबवर फुकट शिकता येतं, डिझाइन आता एआय करतं, छापखाने बंद पडतायत, आणि तुम्ही बारावीच्या पोरांना कम्युनिटी कॉलेजात बसवायला निघालाय. कोल्हापूरचे चित्रकार-सिनेमावाले बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते?’

एक मान्य. ‘कोर्स झाला की नोकरी पक्की’ असं मी लिहून गेले, ते चुकलंच. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, कागद नाही, हात बघून कामावर घेतात. ते वाक्य मी काढलंय.

पण कोरल आलं म्हणजे छपाई आली असं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे मसाल्याच्या बॉक्सचं काम आलं. मागच्या बाजूला घटकांची यादी, सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरात. स्क्रीनवर अक्षर काळंकुळीत. पाच हजार शीट छापून झाल्यावर मशीनमनने काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. ‘धणे’च्या मात्रेला एका अंगाला निळी कड, दुसऱ्या अंगाला लालसर. ‘हिंग’वरचा अनुस्वार वेलांटीतच मिसळलेला. मी आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगांतला) काळा तसाच सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाईंत) बदलला होता. फोटोशॉपच्या जुन्या नेहमीच्या सेटिंगवर त्याचे ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असे चार रंग होतात. एवढंसं अक्षर चार प्लेटांवरून छापायचं, मग रजिस्टर, म्हणजे चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं की कारभार आटोपला. बारीक मजकूर एकट्या काळ्यात, शंभर टक्के, ओव्हरप्रिंट लावून (म्हणजे खालच्या रंगावरच काळा छापून) सोडायचा असतो. सगळा माल रद्दीत गेला.

ही माहिती यूट्यूबवर आहे हो. पण ती शोधायला हवी हे मला माल छापून झाल्यावर कळलं. हीच चूक वर्गात झाली असती तर पन्नास शीटवर भागलं असतं.

एआयचं म्हणाल तर चित्र देतं, झकास देतं. बॉक्सची डाय (कापायचा साचा) कुठे कापणार, कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) सोडलाय का, चिकटवायच्या पट्टीवर वार्निश गेलं तर गोंद धरेल का, हे मात्र बघावंच लागतं. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, खरंय. पण गूळ, मसाला, चिवडा व्हॉट्सॲपवरून जात नाही. दुधाची पिशवी तर फिल्मच्या रोलवर, फ्लेक्सो नाहीतर ग्रॅव्ह्युअर या छपाईच्या पद्धतींनी छापतात. तो वेगळाच प्रांत. प्रीप्रेस (छपाईआधीची फाइलची तयारी), पॅकेजिंग, एस्टिमेट, कलर मॅचिंग, या कामांना माणूस मिळत नाही अशी ओरड मी रोज ऐकते.

आता बाबूराव. कॉलेजात नाही गेले. पण घरात मिस्त्रीकाम, चुलतभाऊ आनंदरावांबरोबर वर्षानुवर्षं नाटकांचे पडदे रंगवणं, आणि शेवटी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. ती कार्यशाळाच होती की! तुमच्या-माझ्या घरात ऑफसेट मशीन कुठून आणायचं?

यूजीसीने २०१३-१४ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली ती हातातल्या कौशल्यासाठीच. तरी माहितीपत्रकावर जाऊ नका. कॉलेजात नुसती कॉम्प्युटर लॅब असेल आणि एकही छपाई मशीन नसेल, तर तुमचंच बरोबर, फी वाचवा.

मुलाला एकदा आमच्या प्रेसवर पाठवा. सोमवार सोडून कधीही. मसाल्याच्या त्या बॉक्सची एक शीट मी ठेवलीय. भिंगही इथेच आहे.