घड्याळापेक्षा मिस्ड कॉल बरा

ताप चढायच्या आधीच आरामात असतानाचे हृदयाचे ठोके वाढतात आणि स्मार्टवॉच ते टिपतं, हा आजार आधीच ओळखणाऱ्या घड्याळांवरच्या लेखातला मुद्दा पटला. पण ठोके जागरणाने, दारूने, लस घेतल्यावरही वाढतात. हजारोंचे आकडे एकत्र केले तर साथीचा अंदाज येईल, तोही जिथे मनगटावर अशी घड्याळं आहेत तिथलाच!

मला आपल्याकडची '९९डॉट्स' ही क्षयरोगाच्या रुग्णांनी गोळ्या घेतल्या की नाही याची नोंद ठेवणारी पद्धत जास्त हुशार वाटते. गोळी पाकिटातून दाबून काढली की तिच्यामागे लपलेला नंबर दिसतो. त्यावर फुकटचा मिस्ड कॉल दिला की नोंद झाली. साधा बटणांचा फोन पुरतो. आता काढलेली गोळी गिळली का, हे मिस्ड कॉललाही कळत नाही म्हणा. त्यासाठी कुणीतरी घरी जाऊन विचारायलाच हवं.