ओट्याला पांढरा दगड कशाला? वर काळा ग्रॅनाइट, खाली कडप्पा

सांगलीत सध्या घराचं काम काढलेल्या जवळपास प्रत्येकाला पांढरा ओटा हवा आहे. मोबाइलवर फोटो दाखवतात, आणि फोटो देखणा असतो यात वाद नाही. पण त्या फोटोत हळद सांडलेली नसते, वर्षाची कांदा-लसूण चटणी कालवलेली नसते, गॅसवरून उतरवलेला कुकर घाईत टेकवलेला नसतो. हळदीच्या पेठेत राहून आपण हळदीला घाबरणारा ओटा का घ्यायचा, हे मला खरंच कळत नाही.

माझं मत ठाम आहे. पैसे मोजून-मापून खर्च करायचे असतील तर वर गडद, घट्ट दाण्याचा ग्रॅनाइट लावा, खाली कडप्प्याचे कप्पे करा आणि हातात राहिलेला पैसा कारागिरीवर घाला.

संगमरवर आणि कडप्पा या दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर, जे काही आंबट ते त्याला खातं. ओट्यावर अर्धं लिंबू उपडं राहिलं की तिथे फिकट गोल उमटतो आणि घासून घासून हात दुखले तरी जात नाही, कारण तो डाग नसतोच, तिथलं पॉलिश गेलेलं असतं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, स्वयंपाकघरातल्या आंबटाचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. तापलेलं भांडंही तो सोसतो. बाजारात ‘क्वार्ट्झ’ म्हणून जो तयार दगड मिळतो, त्यात दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो. डागांना तो चांगला, पण कढईखाली ते रेझिन पिवळं पडू शकतं. शिवाय महाग. फिकट ग्रॅनाइटचं म्हणाल तर तो बऱ्याचदा तेल पितो, सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रावण, मारत राहावं लागतं. काळ्याचा एक त्रास मान्य करते: बोअरचं पाणी असेल तर पांढरट थेंब दिसतात, रोज रात्री कोरडं फडकं फिरवावं लागतं.

आता पैशाचं बघा. दहा फुटी ओटा, दोन फूट रुंद, म्हणजे 20 चौरस फूट दगड. फुटामागे 50 रुपये जास्त मोजले तरी फरक पडतो हजार रुपयांचा. आणि आपण दुकानात भांडतो नेमके त्याच 50 रुपयांसाठी! बिल फुगतं ते काठाचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग, पॉलिश, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी यांनी. म्हणून दर विचारताना ‘बसवून किती’ असंच विचारा आणि लिहून घ्या. ओट्यात बसवायच्या बिल्ट-इन शेगडीचा हट्टही सोडा. दगड कापून भोक पाडलं की पुढे-मागे अरुंद पट्ट्या उरतात, आणि दगड तडकतो तो बहुधा तिथेच. साधी शेगडी वर ठेवली तर कटिंगचे पैसेही वाचतात.

काळा दगड घेताना पारखून घ्या. फिकट ग्रॅनाइटला रंग लावून तो काळा म्हणून विकण्याचे प्रकार होतात. पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस घेऊन जा. स्लॅबच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं जोर लावून चोळा. कापूस काळा झाला तर दुसरं दुकान बघा. मग स्लॅब मागून बघा. जाळी चिकटवलेली असेल तर दगड ठिसूळ आहे का, हे स्पष्ट विचारा. पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. ते झटकन मुरले आणि ओला डाग पसरला तर तो दगड तेलही पिणार.

खालच्या कप्प्यांबद्दल तर सांगलीकरांना मी वेगळं काय सांगू! 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं. ओसरल्यावर गावभागात, मारुती चौकात, हरभट रोडला घरोघरचं सामान रस्त्यावर आलं होतं आणि त्यात फुगून पापुद्रे सुटलेल्या किचन ट्रॉल्या होत्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एकदा पाणी प्यायलं की संपलं. गावभागातल्या माझ्या आत्याकडे पाणी ओट्याच्या वर गेलं होतं. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आम्ही पाइप लावून धुतले, चिखल काढला, ब्लीचिंगचं पाणी फिरवलं, आणि ते आजही वापरात आहेत. कडप्प्यात स्टीलच्या जाळ्या बसतात, ॲल्युमिनियमच्या चौकटीचे दरवाजेही लागतात. नदीकाठच्या वस्तीत तरी खाली लाकडी भुशाचे बोर्ड लावू नका, ही हात जोडून विनंती.

उंची दुकानदाराला ठरवू देऊ नका. साधारण 32 ते 34 इंच ठेवतात, पण रोज तिथे जी उभी राहते तिला उभी करा, कोपर वाकवायला सांगा आणि तिथून चार-सहा इंच खाली खूण करा. शेगडीची उंची वर वाढते, हे धरून चाला. जुन्या फरशीवरच नवी टाइल टाकणार असाल तर आधी टाइल, मगच माप, नाहीतर ओटा आपोआप इंचभर खाली जातो. पुढच्या काठाच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी ओघळून दारांवर येत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. घरात दगड कापताना पाणी सोडून कापायला सांगा. कोरड्या कटरने उडणारी धूळ नुसती घाण नसते, त्यातली सिलिका फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या तयार दगडात सिलिका इतकी जास्त असते की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये ती कमी, पण असतेच. मजुराच्या तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. चिखल होतो म्हणून घरमालकच ओलं कापू देत नाहीत, असं मिस्त्री सांगतात. चिखल आपण पुसू शकतो. कटिंग अंगणात करा, बादलीभर पाणी आणि एक माणूस द्या, चांगला मास्क आणून द्या.

सांगली-मिरज भागात ओलं कटिंग करणारे, काठ नीट घासून देणारे कारागीर कुणाला माहीत असतील तर त्यांना विचारून मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात वहिनीच्या ओट्याचं काम काढायचं आहे.