‘कोलेस्टेरॉल म्हणजे निव्वळ आनुवंशिकता’ या प्रतिक्रियेला उत्तर

फॅट आणि कोलेस्टेरॉलवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं, की कोलेस्टेरॉल जन्मतःच ठरलेलं असतं, फॅटला उगाच बदनाम केलं जातं. तुमचे मामा जन्मभर लोणी आणि अंडी खात आले, तरी म्हातारपणीही रिपोर्ट नॉर्मल. तुम्ही मात्र तीन महिने फॅट जवळपास बंद केलं, तरी एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २१२ वरून जेमतेम २०१ वर आलं.

मामांचं उदाहरण मला अजिबात खोटं वाटत नाही. १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशाच एका ८८ वर्षांच्या गृहस्थांची नोंद आली होती. ते रोज २५ अंडी खायचे आणि त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं. तपासल्यावर दिसलं, की खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी फक्त १८ टक्केच त्यांच्या आतड्यातून शोषलं जात होतं, आणि यकृत जास्तीच्या कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवून त्याची विल्हेवाट लावत होतं. असं शरीर लाभणं हे त्यांचं नशीब. ते तुम्हालाही लाभलंय असं कशावरून? मामा-भाच्यांत सरासरी पावच जनुकं सारखी असतात, आणि तुमचा स्वतःचा रिपोर्ट तर समोरच आहे.

मूळ मुद्दा यकृतातला आहे. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढतात. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात ते शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. हे रिसेप्टर मुळात किती आणि कसे असणार, ते जनुकांवर अवलंबून. सॅच्युरेटेड फॅट (लोणी-तुपात असतं तसं) जास्त झालं की त्याच रिसेप्टरचं काम मंदावतं. म्हणजे जनुकं आणि आहार दोन्ही एकाच ठिकाणी परिणाम करतात, त्यामुळे ‘हे की ते’ असा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

नेदरलँड्समधल्या एका मोठ्या घराण्याचा दोन शतकांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. या घराण्यात एलडीएल वाढवणारं सदोष जनुक पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. तरी एकोणिसाव्या शतकात ते बाळगणारी माणसं इतरांपेक्षा लवकर जात नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वर गेलं. जनुक तेच होतं. मधल्या काळात राहणीमान बदललं, त्यात खाणंपिणंही आलं.

आता तुमचे तीन महिने. फॅटच्या जागी काय खाल्लंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मैदा आणि साखर वाढली असेल तर एलडीएल फारसं उतरत नाही, उलट ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) चढू शकतात. शेंगतेलासारखी तेलं, सुकामेवा, कडधान्यं आली असती तर फरक जास्त पडला असता. पण किती? एकूण उष्मांकांपैकी एक टक्का सॅच्युरेटेड फॅट काढून तिथे पॉलिअनसॅच्युरेटेड (वनस्पती तेलांत, सुकामेव्यात असतं तसं फॅट) घेतलं, तर एलडीएल सरासरी दोन अंकांनी उतरतं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी एक टक्का म्हणजे दोन ग्रॅमहून थोडं जास्त फॅट. १५ टक्क्यांवरून ७ वर आलात, तरी हिशेब सोळा अंकांचा. तेव्हा तुमची ११ अंकांची घट अपेक्षेच्या फार बाहेर नाही. २१२ वरून १०० वर नुसत्या पथ्याने कुणी येईल, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही.

मला खरी काळजी वाटली ती तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका वाक्याची: वडिलांना ४६ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. औषध चालू नसताना एलडीएल १९० च्या वर आणि वडिलांना इतक्या कमी वयात अटॅक, हे दोन्ही एकत्र दिसलं की फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमियाची (सदोष जनुकामुळे जन्मापासून एलडीएल जास्त असण्याच्या आजाराची) शंका घ्यावीच लागते. साधारण २५० माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. आनुवंशिकतेबद्दल तुमचं म्हणणं तुमच्यापुरतं कदाचित बरोबरच निघेल, पण म्हणून हात टेकायचं कारण नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने यकृतावरचे तेच रिसेप्टर वाढतात. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट न्या, आणि वडिलांचं वय आवर्जून सांगा. निदान पक्कं झालं तर तुमच्या प्रत्येक मुलात आणि सख्ख्या भावंडात ते जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांचंही लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्या, मुलं लहान असली तरी.