छंदाच्या रकान्यातलं बीजीएमआय

बायोडेटाच्या तळाशी एक रकाना असतो, छंद. मी अकरा वर्षं चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माणसं घेतेय, आणि या रकान्याइतकं खोटं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. वाचन, प्रवास, संगीत ऐकणे. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस विचारलं की पोरं छताकडे बघायला लागतात.

मध्यंतरी डिस्पॅच डेस्कसाठी मुलाखती होत्या. बार्शीकडचा एक मुलगा, बीकॉम, चोवीस वर्षांचा. छंदासमोर एकच शब्द: बीजीएमआय. (ज्यांच्या घरात तरुण पोरं नाहीत त्यांच्यासाठी: पबजी या मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळाचा भारतीय अवतार; चार-चार जणांचं स्क्वॉड करून खेळतात. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये हा आला, 2022 मध्ये हाही गेला, मे 2023 मध्ये परत आला. मधल्या काळात पोरं काय खेळत होती ते विचारू नका.)

आमच्या एचआरच्या सरांनी त्या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, हा रात्रभर मोबाईलच घेऊन बसणार."

म्हटलं, "सर, आपणही त्याला रात्रभर मोबाईलच देऊन बसवणार आहोत."

कारण आमचा डेस्क म्हणजे तेच. चाळीस गाड्या, जीपीएसचा स्क्रीन, तीन फोन. खंबाटकीला जाम लागला, गाडी बंद पडली, मध्यरात्री ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत संपतेय, ड्रायव्हर फोन उचलत नाही. सगळं एकदम.

त्याच दिवशी सकाळी एकाने 'ट्रेकिंग' लिहिलं होतं. सर खुलले. "हरिश्चंद्रगड? नळीच्या वाटेने?" पंधरा मिनिटं गप्पा. पोरगा बाहेर गेल्यावर सर म्हणाले, चिकाटी आहे हो. आता नळीची वाट चढणाऱ्याची चिकाटी मी नाकारत नाही. पण डोंगर चढणारा रात्री दीड वाजता ड्रायव्हरशी नीट बोलेल हे कशावरून? कबड्डी लिहिली की टीम प्लेयर, बुद्धिबळ लिहिलं की हुशार, आणि मोबाईलवर खेळला की वाया गेलेला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले, 2023 मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये तो पदकांचा खेळ झाला, तरी आपल्या मुलाखतीच्या खोलीत तो अजून उनाडपणाच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या छंदांना एकच माप लावा. गेम खेळतो म्हणून मार्क कापू नका, वाढवूही नका. विचारा मात्र, आणि खोदून विचारा.

मी विचारलं. स्क्वॉडमध्ये तू काय करतोस?

"मी आयजीएल आहे मॅडम. कॉल देतो."

म्हणजे?

आधी लाजला, मग सुटला. आयजीएल म्हणजे इन-गेम लीडर, कुणी काय करायचं ते सांगणारा. म्हणाला, चौघांतला एक नॉक झाला, म्हणजे गोळी लागून पडला, की बाकीचे तिघं त्याला उठवायला धावतात आणि मग चौघंही जातात. "म्हणून माझं आधीच ठरलेलं असतं. उठवायला एकच जाणार, दुसरा आडोशाला स्मोक, म्हणजे धूर, टाकणार, तिसरा जागचा हलणार नाही, फक्त बघत राहणार."

मी पेन खाली ठेवलं. कारण आमच्याकडे गाडी बंद पडली की नेमकं तेच होतं. तिघं जण एकाच ड्रायव्हरला फोन लावतात, मेकॅनिकला कुणीच लावत नाही, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे कुणाचं लक्ष नसतं. अकरा वर्षांत हे मला एकाही एमबीएने इतकं सरळ सांगितलेलं नाही.

आता इथेच थांबले असते तर व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट झाली असती. पण आम्ही तासभर डेस्कवर बसवून बघतो. पोराने स्क्रीन पटापट वाचला, कुठली गाडी उशिरा पोचणार ते बरोबर सांगितलं. मग ड्रायव्हरला फोन लावला. पंचावन्न वर्षांचा माणूस, माझ्याआधीपासून कंपनीत. पोरगं म्हणालं, "ऐक, गाडी डावीकडे घे आणि लोकेशन टाक." पलीकडून फोन कट. दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाही. स्क्वॉडमध्ये सगळे एका वयाचे, सगळ्यांना जिंकायचं असतं. रस्त्यावरच्या माणसाला चहा प्यायचा असतो, आणि आधी 'मामा, जेवलात का' ऐकायचं असतं. ते बीजीएमआयमध्ये शिकवत नाहीत.

म्हणून त्या दुसऱ्या टोकाच्या लोकांचंही मला पटत नाही, गेमर म्हटला की आधी घ्या म्हणणाऱ्यांचं. त्यांची दोन ठरलेली उदाहरणं. एक, 2007 चा अमेरिकेतला सर्जन लोकांचा अभ्यास: आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या चुका 37 टक्के कमी, वेग 27 टक्के जास्त. बरोबर आहे. पण सर्जन होते एकूण 33, काम होतं लॅप्रोस्कोपीच्या सरावाचं, म्हणजे पडद्याकडे बघत हात चालवायचे. आणि ते आधीच सर्जन होते! त्यावरून अकाउंटंट निवडायचा नसतो. दुसरं उदाहरण स्टीफन जिलेट यांचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, चालवायचे, 2008 मध्ये स्टारबक्सचे सीआयओ, म्हणजे आयटीचे प्रमुख, झाले. त्याआधी ते बरीच वर्षं आयटीतच काम करत होते, हे सांगताना गळतं.

आणि गेमिंगचे जादा मार्क ठेवले असते तर त्याच दिवशीची तिसरी उमेदवार पहिल्या फेरीतच गळाली असती. मंचरजवळची मुलगी. छंदाचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाली, "घरी चार म्हशी आहेत मॅडम. दोन्ही वेळचं दूध डेअरीला मीच घालते." तिच्याकडे छंदाला वेळ कुठून येणार? ट्रेकिंगलाही नाही, गेमलाही नाही. तिला डेस्कवर बसवलं, तर त्याच ड्रायव्हरशी ती पाच मिनिटं बोलली. लोकेशन तर आलंच, वर पुढच्या टोलवर किती रांग आहे तेही त्याने न विचारता सांगितलं. ई-वे बिल म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. ते शिकवता येतं. जागा एकच होती, तिला घेतलं.

एका गोष्टीची मात्र मी चौकशी करते, ती म्हणजे पैसे लावून खेळण्याची. डेस्कवरच्या माणसाच्या हातात डिझेलचे पैसे असतात, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स असतो. तिथे मला बंदुकांच्या खेळाची भीती वाटत नाही, पत्त्यांच्या वाटते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तोवर डब्याच्या सुट्टीत मोबाईलवर रमी कोण लावायचं हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. लाल पेनही त्यांच्याच खिशात असायचं. (सर फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहितेय.)

तीन महिन्यांनी नाइटची जागा रिकामी झाली, तेव्हा बार्शीच्या मुलाला फोन केला. पहिले पंधरा दिवस त्याला मंचरच्या पोरीशेजारी बसवलं, नुसतं ऐकायला. आता तोही सुरुवात 'मामा, कुठवर आलात' अशी करतो. मागच्या महिन्यात कात्रजजवळ गाडी बंद पडली, तेव्हा मेकॅनिकला एकच फोन गेला, ड्रायव्हरलाही एकच.

परवा कागदपत्रं लावताना त्याचा जॉइनिंग फॉर्म हाताला लागला. त्यातही तो रकाना आहे. सुवाच्य अक्षरात भरलेला: छंद – वाचन.