‘रुडॉल्फ’ डिस्नेचा नाही, मातीचाही नाही

नाताळ जवळ आला की सांताच्या लाल नाकाच्या हरणाचे, रुडॉल्फचे, फोटो फिरू लागतात. सोबत मजकूर असतो : ‘डिस्नेने अमेरिकेत मातीच्या बाहुल्यांवर केलेला चित्रपट.’ यातलं काहीच खरं नाही.

हा टीव्हीसाठी केलेला खास कार्यक्रम. ६ डिसेंबर १९६४ रोजी तो एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर पहिल्यांदा दिसला. निर्मिती रँकिन-बास या अमेरिकी कंपनीची. आवाज कॅनडात ध्वनिमुद्रित झाले, पण बाहुल्या हलल्या त्या जपानमध्ये, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. बाहुल्या लाकूड, तार आणि कापडाच्या होत्या. बाहुली केसभर सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा २४ चौकटी लागतात. रुडॉल्फची ती किंचित अडखळती चाल याच पद्धतीतून आली, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. आजच्या गुळगुळीत संगणकी हरणांना ती सर नाही.

कार्यक्रमाच्या शीर्षकाचाही एक फोटो फिरतो. त्यातलं रोमन आकड्यांतलं साल मात्र खरंच चुकलंय : १९६४ऐवजी ११६४! तो फोटो बनावट नाही.

कार्यक्रमात कुणालाच नको असलेली काही खेळणी आहेत. ‘या नाकारलेल्या खेळण्यांना सांता घेऊन जातो, हा शेवट मुळातच होता’ असंही सांगतात; तेही चूक. प्रेक्षकांनी तक्रारी केल्यावर तो प्रसंग १९६५मध्ये जोडला गेला.