बुलबुल, टिंबं आणि मी

वहिनीने सावईवेऱ्याला कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, होमस्टे काढला तेव्हाच मला वाटलेलं की हे शेवटी आपल्यावर शेकणार. शेकलंच. "भावजी, बाल्कांवातली, ओट्यावरची भिंत अगदी बोडकी दिसते हो, काहीतरी काढा ना, तुमचा हात चांगलाय." हात चांगला म्हणजे काय तर चवथीला गणपतीच्या मागे डोंगर आणि धबधबा रंगवायचो, एवढंच. पुतण्या लगेच मधे पडला, काका पॉप आर्ट काढा, ते कॉमिकसारखं, जाहिरातीसारखं असतं ना ते, पक्षी काढा, गेस्ट लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

पक्षी कुठला यावर वाद झाला नाही, गोव्याचा राज्यपक्षी आहे की, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल. पिवळं अंग, काळंभोर डोकं, गळ्याशी लालभडक आणि डोळा पांढुरका. म्हणजे पॉप आर्टवाला अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन, त्याचे नेहमीचे रंग देवानेच आधी वापरून ठेवलेत, निळा तेवढा उरला होता, तो मी मागे लावायचं ठरवलं. पाठ जरा शेवाळी असते त्याची, ती सरळ पिवळी केली. पॉप आर्टमध्ये सावलीबिवली नसते, सपाट रंग आणि जाड काळी रेघ, मला वाटलं दुपारपर्यंत आटपेल आणि जेवून झोप काढू.

पण पिवळा रंग काही झाकतच नाही हो! खालची जुनी हिरवी भिंत आतून बघत बसते, आधी पांढरा हात मारा, मग पिवळा, मग परत पिवळा, आणि पावसाळा अजून सरलेला नाही त्यामुळे भिंतीला ओल, जो रंग डब्यात दहा मिनिटांत सुकतो तो भिंतीवर संध्याकाळपर्यंत चिकट. कडा सरळ याव्यात म्हणून टेप लावली, ती काढताना टेपबरोबर आजोबांच्या काळातला चुन्याचा पोपडा पण आला. तिथे आता बुलबुलाची शेपटी जरा रुंद आहे.

आणि मग टिंबं. टिंबांशिवाय पॉप आर्ट नाही असं पुतण्याचं ठाम मत. ही टिंबं मुळात छापखान्यातली, १८७९ साली बेंजामिन डे नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेली युक्ती, कमी शाईत कमी खर्चात छटा मिळावी, कारागिराचे कष्ट वाचावेत म्हणून. लिक्टेनस्टाइनने ती १९६०च्या दशकात कॅनव्हासवर मोठी करून लावली, पण तो शहाणा माणूस, भोकं असलेला पत्रा ठेवून त्यातून रंग घासायचा. मी काय केलं? वहिनीने चाळणी द्यायला साफ नकार दिला ("त्यातून पीठ चाळते मी, रंग नाय") म्हणून कान कोरायच्या काड्या घेऊन बसलो. काडी लाल रंगात बुडव, भिंतीवर टेकव, उचल. जास्त दाबली की टिंब बटाट्यासारखं होतं, कमी दाबली की मधे पिवळं राहतं, आणि चारपाच टिंबांनंतर कापूस फुलून त्याला मिशा फुटतात, की नवी काडी. कष्ट वाचवण्यासाठी शोधलेल्या गोष्टीसाठी माझी मान, खांदा आणि पाठ कामाला लागली. एवढं मात्र कबूल की लांबून बघितलं तर पिवळ्यावरची ती लाल टिंबं एकत्र होऊन छाती नारिंगी दिसते, मी तीनचारदा उगाचच फाटकापर्यंत जाऊन बघून आलो.

फाटकापाशी गेलो की सल्ले मिळायचे. पाववाल्या पोदेराने सायकल थांबवली, भोंगा वाजवला, "हें खंयचें सुकणें? कीर?" पोपट नाही म्हटलं तर तो नाराजच झाला. शेजारचे काका म्हणाले एकच डोळा का, दुसरा पण दाखव, उगाच लोकांना वाटेल काणा आहे. बाजूने काढलाय हो काका. मग ते म्हणाले बरं मग मागे सूर्यास्त टाक आणि एक माड. माड! गोव्यात कुठलंही चित्र काढा, तुम्ही माड टाकेपर्यंत लोकांच्या लेखी ते अर्धवटच. प्रत्येकाला ते जरा खऱ्यासारखं करून हवं होतं, पिसं दाखव, सावली दाखव, आणि मी तिथे सगळा जीव एकवटून काही न दाखवायच्या मागे.

शेवटी काळी रेघ. श्वास रोखून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, चोचीपासून शेपटीपर्यंत. रेघ पडली आणि काय सांगू, इतका वेळ जो पिवळा डाग होता तो एकदम पक्षी होऊन डोळे वटारून बघायला लागला. वहिनी पण म्हणाली, "बरा दिसता हां!"

तेवढ्यात पुतण्या मोबाईल घेऊन आला. काका, तो दुसरा पॉप आर्टवाला अँडी वॉरहॉल बघा, त्याने १९६२ला सूपच्या डब्यांची ३२ चित्रं एकासारखी एक केली, आपण पण आतल्या खोलीत हाच बुलबुल चार रंगांत चारदा काढूया. म्हटलं अरे बाबा, त्याच वर्षी तो स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून रंग दाबून चित्रं छापायला लागला, त्याच्या स्टुडिओचं नावच पुढे फॅक्टरी पडलं, हाताखाली माणसं होती.

"मी आहे ना," म्हणाला, आणि माझ्याच स्कूटरची चावी घेऊन फोंड्याला काड्या आणायला गेला.