हत्ती धरून उभा

संग्रहालयात सगळ्यात जास्त लाड कोणाचे होत असतील, तर ते जुन्या कापडाचे. दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा रेशमी झगा घ्या. त्याच्यावर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही, म्हणजे बघणाऱ्याला जेमतेम दिसेल इतपतच. हवेतला दमटपणा कमी-जास्त झालेला त्याला खपत नाही. काही महिने लोकांपुढे लटकला की थकला असं समजून त्याला खाली उतरवतात आणि अंधाऱ्या खोलीत, आम्लविरहित कागदात गुंडाळून, आडवा निजवतात. तोही वर्षानुवर्षं. कारण उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही, साचत जातं.

माझ्या पोटऱ्यांचंही तेच आहे, पण त्यांच्यासाठी कोणी खातं उघडलेलं नाही.

१९७७ पासून १८ मेच्या आसपास जगभर संग्रहालय दिन साजरा होतो. एरवी शांत असलेल्या त्या इमारतींमध्ये त्या दिवशी नाच, गाणी, कार्यशाळा, गोष्टी आणि 'संपूर्ण कुटुंबासाठी' असं काहीबाही असतं. प्रवेश मोफत. मोफत म्हटल्यावर संपूर्ण कुटुंब निघतंच. हिच्या हातात पत्रक होतं. बाहुल्यांचा खेळ अकराला, मातीकाम अकराला, समूहनृत्य अकराला, तेही दुसऱ्या संग्रहालयात. संग्रहालयवाल्यांना हजारो वर्षांचा हिशेब नीट जमतो, पण दिवसात अकरा एकदाच वाजतात हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मातीकाम ठरलं. वयोगट सहा ते दहा. प्रत्यक्षात टेबलाभोवती पस्तीस ते पंचेचाळीस वयोगट कोपरापर्यंत माखलेला, आणि सहा ते दहावाले टेबलाखाली. शेजारचे एक गृहस्थ इतके तल्लीन झाले होते, की त्यांच्या मुलीनं "पप्पा, मला पण द्या ना" म्हटल्यावर ते चक्क "थांब गं" म्हणाले. आमच्या धाकटीनं मात्र स्वतःच्या हातानं हत्ती केला. चार पाय, दोन कान, आणि सोंड इतकी लांब की तिच्या वजनानं हत्ती सतत नमस्कार करत होता. ओलाच हत्ती तिनं माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हलू नका."

इथून पुढचा दिवस मी हत्ती धरून काढला.

पहिल्याच दालनाच्या दारात सुरक्षारक्षकानं अडवलं. "साहेब, ओली वस्तू आत चालत नाही." मी म्हटलं, एवढ्याशा हत्तीनं काय होणार? पण त्याचं खरं होतं. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेतली चित्रं हजारो वर्षं ठणठणीत होती. १९४८ साली गुहा लोकांना खुली केली, लोक आत जाऊन श्वास घेऊ लागले, आणि १९६३ साली ती बंद करावी लागली. नुसत्या श्वासानं गुहा आजारी पडत असेल, तर मी पाव किलो चिखल घेऊन आलो होतो. सामान ठेवायच्या कप्प्यात हत्ती मावला असता, पण सोंड नसती मावली. शेवटी बाकीचे आत गेले आणि मी दाराशी उभा राहिलो.

आईला मात्र बघताक्षणी त्या रक्षकानं स्वतःची खुर्ची दिली. तिनं बसल्या बसल्या त्याची बदली, त्याच्या मुलीची बारावी आणि त्याचं पित्त असं सगळं काढून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात संग्रहालयाबद्दल सगळ्यात जास्त माहिती तिनंच मिळवली.

दारातून मला आतली एक खुर्ची दिसत होती. कोरीव हातांची, लाल गादीची, पुढे दोरी आणि दोरीवर 'बसू नये'. थोरला तिच्यापुढे उभा राहिला.

"बाबा, हिच्यावर कोण बसायचं?" तो तिथूनच ओरडला.

"होता कोणीतरी सरदार. गेला तो."

"मग रिकामीच आहे ना?"

मला उत्तर सुचलं नाही. मीही तोच विचार करत होतो.

बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालय बघताना येणारा थकवा, या विषयावर एक लेख लिहिला होता. एका माणसाला काचपेट्यांतल्या वस्तू नीट बघून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितलं, आणि ते करताना तो कसा वाकतो, कुठे मान मोडतो, कुठे जवळजवळ उकिडवा बसतो, याचे फोटो काढले. माझा आदर त्या माणसाबद्दल आहे. पण तोही एकटाच गेला होता. त्याच्या हातात हत्ती नव्हता.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एका चित्रापुढे माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो, असं त्यात निघालं. आमच्या मुलांनी सरासरी पार खाली आणली. फक्त एका ठिकाणी दोघं गुडघ्यावर बसून खिळली होती. कुठली दुर्मिळ वस्तू म्हणून मी मान लांब केली, तर कोपऱ्यात दमटपणा नोंदवणारं यंत्र होतं. आत एक नळकांडं अगदी हळू फिरत होतं, त्याच्यावर कागद, आणि बारीकशी लेखणी त्यावर थरथरत जांभळी रेघ ओढत होती. "बाबा, हे चालू आहे!" धाकटी म्हणाली. त्या दालनात तेवढंच चालू होतं, हेही खरं.

जिन्यात गर्दीचा धक्का लागून हत्तीची सोंड पडली. धाकटीचा ओठ बाहेर येतोय असं दिसताच मी तिला समोरचा पुतळा दाखवला. त्याला नाक नव्हतं, एक हात नव्हता, तरी दिवा थेट त्याच्यावर. तिनं विचार केला आणि पत्रकाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं, 'हत्ती. माती. सोंड हरवली आहे.' संग्रहालयाचा एवढा उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदाच करून घेतला.

साडेतीनला व्याख्यान होतं, 'वस्तूंचं जतन'. विषयाशी मला देणंघेणं नव्हतं, पण सभागृहात खुर्च्या होत्या आणि त्यांना दोऱ्या नव्हत्या. जुन्या वस्तूंना विश्रांतीची किती गरज असते, हे वक्त्या फार कळकळीनं सांगत होत्या. निदान सुरुवातीला तरी तेच सांगत होत्या. टाळ्यांनी मला जाग आली तेव्हा हत्ती माझ्या मांडीवर वाळला होता, पँटसकट.

"झालं एकदाचं," मी उठत म्हणालो.

हिनं पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूलाही छापलेलं होतं.